काष्टीच्या अलीकडे थांबलेली गाडी

या पानांवर लिहायला बसलो याची आधी क्षमा मागतो. देवाच्या कृपेने असाध्य दुखण्यांतून उठलेल्या माणसांचे अनुभव मी इथे वाचले आहेत. त्यांच्या शेजारी एका कुत्र्याची हकीकत ठेवायला मन धजत नव्हते. शिवाय आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चार ओळी शुद्ध लिहिता येतात, एवढीच माझी पात्रता. पण आई म्हणाली, "झालं तसं लिव्ह. वाढवून लिवू नगंस." तेवढेच करतो.

दुष्काळाचे दुसरे वर्ष होते. वडील वारल्यापासून आई वस्तीवर एकटी राहत होती आणि मी नगरला वसतिगृहात. चाऱ्यावाचून बैल विकावे लागले होते. आजूबाजूची बहुतेक माणसे खडी फोडायच्या कामावर गेल्याने शिवार ओस पडले होते. आईच्या सोबतीला उरला होता तो खंड्या, आमचा कुत्रा. तो ओट्यावर असला की आईला झोप लागे. तो नसता तर मला शिक्षण सोडून घरी यावे लागले असते. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते, पण कधी बोललो नव्हतो.

देवाविषयी माझे मन तेव्हा स्वच्छ नव्हते. वडिलांच्या आजारात आम्ही खंडोबाला नवस बोललो होतो, तरी ते गेले. त्यानंतर तळी उचलताना मी ताटाला हात लावत असे, पण तोंडातून 'येळकोट' निघत नसे.

परीक्षेआधी घरी आलो होतो. सकाळी आई भाकरी थापत असताना खंड्या एकाएकी किंचाळला. तसले ओरडणे मी कधी ऐकले नव्हते. पाठीची कमान करून, पोट आवळून तो जमिनीवर लोळू लागला. हात लावू देईना. अंगावर जखम नव्हती, पायात काटा नव्हता, साप चावल्याची खूणही दिसेना. आरडाओरडा ऐकून शेजारच्या वस्तीवरचे तात्या काठी घेऊनच आले.

"पिसाळलंय त्ये. मागं सरा, आत्ताच मोकळं करतो."

आई मध्ये उभी राहिली. "तात्या, पिसाळलेलं कुत्रं पानी पितंय व्हय? ह्ये बघा, जर्मनच्या ताटलीत त्वांड घातलंय."

तात्या घुटमळले. तेवढ्यात आईने देव्हाऱ्यातला भंडारा आणून खंड्याच्या कपाळाला लावला. मी त्याला गोणपाटात गुंडाळून उचलले आणि आम्ही सडकेला आलो. काष्टीला जनावरांचा दवाखाना होता.

गाडी आली, पण कंडक्टर दारातच आडवा आला. "कुत्रं? मानसांच्या गाडीत? कालेजात ह्येच शिकवत्यात व्हय रं?"

"मल्हारीचं हाय, बाबा," आई एवढेच म्हणाली.

त्याने कपाळावरचा भंडारा पाहिला, गाडीतल्या लोकांकडे पाहिले. "आता देवाच्या कुत्र्याला खाली ठिवून जाऊ व्हय मी? बसा मागं. पर कुनाला चावलं तर मी तुमाला चावंन, मावशे!" लोक हसले आणि सरकून जागा केली.

खंड्याचे ओरडणे आता बंद झाले होते. नुसता थरथरत होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. कितीतरी दिवसांनी मी मनातल्या मनात हात जोडले. एकच मागितले: देवा, ही गाडी कुठे थांबू देऊ नकोस.

काष्टीच्या अलीकडे गाडीचे चाक बसले. स्टेपनीतही हवा नव्हती. सगळे खाली उतरले.

"कुत्र्याचा पायगुन, दुसरं काय!" एक म्हातारा धोतर झटकत म्हणाला. "सोता गोनपाटात निजून चाललंय, आन आमाला पायी लावलं."

मी खंड्याला घेऊन बाभळीखाली बसलो. राग आला होता. एवढे एकच मागितले होते. तेवढ्यात डोक्यावर शेणाची पाटी घेतलेली एक बाई वाटेने आली आणि थबकली.

"काय झालं वं त्येला?"

आईने सांगितले. काष्टीला डॉक्टरकडे निघालोय म्हणाली.

"काष्टीला कुटं जाताय? दवाखान्याला कुलूप हाय. डाक्तर सकाळधरनं हितं छावनीत गुरं तपासत्यात. ती काय, कडब्याच्या गंजीपल्याड."

गंजीपलीकडे गुरांची छावणी होती. डॉक्टर बाह्या सारून एका गाईपाशी बसले होते. त्यांनी खंड्याला चटईवर निजवले, पोट चाचपले, डोळे पाहिले, इंजेक्शन दिले. मग म्हणाले, "दुखणं कशाचं ते मला सांगता येत नाही. वाचेल असंही म्हणत नाही. इथंच ठेवा." वाट दाखवायला आलेल्या त्या बाईला आभाराचे दोन शब्द बोलावेत म्हणून मी वळून पाहिले, तर ती गेली होती.

"तू जा," आई म्हणाली. "उद्या पेपर हाय तुजा. मी बसते."

वसतिगृहात आल्यावर खंड्यासाठी देवाला काही मागावे म्हणून बसलो, पण शब्द फुटेना. गाडीत मी जे मागितले होते ते मिळाले असते, तर आम्ही कुलूप लावलेल्या दारापुढे उभे राहिलो असतो. चाक बसले ते काट्याने बसले असेल. उन्हाळ्यात त्या सडकेवर बाभळीचे काटे पसरलेलेच असतात. त्याबद्दल मला वाद घालायचा नाही. पण आपल्याला काय हवे हे आपल्याला नेमके कळते, हा माझा समज त्या दिवशी गेला. वडिलांच्या वेळचा रागही थोडा सैल झाला. मी इतकेच म्हणालो, "तुला कळतं तसं कर," आणि पुस्तक उघडले. आजही त्यापलीकडे प्रार्थना मला येत नाही, आणि तेवढी आली याचे उपकार मानतो.

शेवटच्या पेपराच्या आदल्या दिवशी आमच्या गावचा एक जण कडब्याच्या ट्रकवरून नगरला आला होता. फाटकातूनच ओरडला, "ए कालेजवाल्या! तुजं कुत्रं जितं हाय रं! काय हुतं ते डाक्तरलाबी उमगलं न्हाई. दोन दिस नुसतं पडून हुतं, मग भाकर खाल्ली. काल तुजी आई घरला निघाली, तर ह्ये म्होरं पळत हुतं."

तो जायला वळला आणि पुन्हा थांबला.

"आन आईनं सांगितलंय, घाईनं घरी येऊ नगंस. आब्यास कर. वस्तीवर राखन हाय."