न झाडलेला काठ

शालूबाईच्या हातांच्या रेषांत हळद कायमची बसली होती. कवठे महांकाळच्या कोरड्या शिवारातून लग्न होऊन ती सांगलीला आली आणि कृष्णेकाठच्या हळदीच्या कारखान्यात तीस वर्षं झाडलोट केली. पुढं कारखाना बंद पडला, पत्रे उतरले, भिंती गेल्या. कारखान्यामागून नदीत उतरणारी पायवाट तेवढी राहिली. वस्तीतल्या बाया धुणं घेऊन त्याच वाटेनं उतरायच्या.

एक दिवस तिथं नोटीस लागली. काठाला कुंपण घालून बाग होणार होती. सुनेनं, पल्लवीनं वाचून दाखवलं, "जागा पडीक असून कोणाच्याही वापरात नाही. हरकत असल्यास पंधरा दिवसांत पुराव्यासह कळवावी."

"कुणाच्याच न्हाई?" शालूबाई म्हणाली. "मग आमी काय भुतं हाय व्हय?"

पुरावा म्हणजे फोटो. तारीख आणि ठिकाण उमटणारा कॅमेरा पल्लवीनं मोबाईलवर घालून दिला. शालूबाई सकाळीच काठावर गेली. आता फोटो काढायचा म्हणजे जागा नीटनेटकी नको? तिनं पायवाट वरपासून पाण्यापर्यंत लख्ख झाडली. फुटक्या बांगड्या, साबणाचे कागद, चपलांचे पट्टे, सगळं पाटीत भरून लांब टाकून आली. दगडांवर पाणी मारलं आणि मग फोटो काढले.

कचेरीतले कारकून नानासो फोटो बघून हसले. "मावशी, हितं तर चिटपाखरू न्हाई. बागेच्या ठेकेदाराला द्या हे, लय खूश हुईल."

घरी येऊन तिनं पल्लवीला सगळं सांगितलं. ज्या हातांनी पोट भरलं, त्याच हातांनी तिनं आपला काठ पुसून टाकला होता.

पल्लवी म्हणाली, "आत्या, टाकलेलं परत आणून पसरूया की."

"खोटं न्हाई करायचं. बाया हायत्या, पडंल परत."

आणि पडलं. बोटाएवढा उरलेला साबण. दात गेलेली फणी. कान तुटलेला मग. पट्ट्याला टाचणी लावून वापरलेली आणि शेवटी तिथंच सोडलेली स्लीपर. शालूबाई रोज जायची, कशालाही हात न लावता वाकून फोटो काढायची. स्लीपरचा तर तिनं माणसाचा घ्यावा तसा जवळून घेतला.

कपडे आपटता आपटता धोंडुबाई ओरडली, "अगं शालूआक्का, आमचे काढ की! चपलीत काय ठेवलंय?"

"तुमी पदर सारखा करत बसशीला. ही गप बसती."

पंधराव्या दिवशी छापून घेतलेले एक्केचाळीस फोटो कचेरीतल्या साहेबांच्या टेबलावर होते.

"अहो बाई, हा सगळा कचरा आहे."

"व्हय सायेब. टाकणाऱ्याबिगर कचरा कुठनं आला?"

साहेबांनी पान उलटलं, परत मागचं उलटून तारीख बघितली. जागा तीच, तारीख रोजची वेगळी. "गुरुवारी जागेवर येतो," म्हणाले.

गुरुवारी सकाळी शालूबाई काठावर पोचली, तर बाया तिच्याआधी हजर. कुणाच्या हातात रांगोळी, कुणाच्या हातात पाण्याची बादली. धोंडुबाईनं झाडू उचललाच होता.

"टाक तो खाली."

"आगं, सायेब यायचाय. ही घाण दावायची व्हय? लाज हाय का न्हाई?"

"मीबी लाजले हुते. म्हणून तर झाडून बसले."

शालूबाईनं तिच्या हातातला झाडू घेतला, वाटेच्या वरच्या दगडावर आडवा ठेवला आणि खुशाल त्यावर बसली. बायांनी तोंडाला पदर लावले.

"आक्का, लक्ष्मी हाय ती!"

"ठावं हाय. तीस वर्सं राबली माझ्यासंगं. आज तिला इसावा."

कुणी हसलं. रांगोळीचा डबा बंद झाला. धोंडुबाई पुटपुटत धुण्याकडं वळली, नवा साबण सोडला आणि कागद तिथंच टाकला.

रस्त्याकडून गाडीचा आवाज आला. शालूबाई उठली नाही.