न ठरवता बोललेलं

'उत्स्फूर्त' या शब्दाचं आणि माझं कधी जमलंच नाही. शाळेत अर्थ पाठ केला होता: आधी न ठरवता, आपोआप आतून आलेलं. वापरात मात्र तो मला कधी तसा भेटला नाही. आकुर्डीच्या कॉलेजात उत्स्फूर्त वक्तृत्व स्पर्धा असायची. चिठ्ठी उचलायची आणि बोलायचं. चिठ्ठीत 'पाणी' निघो नाहीतर 'मैत्री', माझी सुरुवात ठरलेली आणि शेवटही ठरलेला. मध्ये विषय कोंबला की बक्षीस. चौकात 'उत्स्फूर्त बंद'चा फ्लेक्स लागतो, तो आदल्या दिवशीच छापून आलेला असतो. चाकणला आमच्या कंपनीत उत्स्फूर्त रक्तदान होतं आणि कोणत्या शिफ्टने किती बाटल्या उत्स्फूर्तपणे द्यायच्या, ते ऑफिसातून कळवतात. मग या शब्दाचा अर्थ नक्की काय, असं मी विचारलं की लोक हसतात. मला मात्र खरंच कळत नाही. वडिलांच्या दहाव्याला तर पार गोंधळ उडाला.

दहावं आमच्या गावी, निघोज्यातच होतं, नदीवर. आमच्याकडे दहाव्याला भाषणं होतात, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. घाटावर मांडव, सतरंज्या, माइक. आधी प्रवचन, मग एकेक पुढारी उठून श्रद्धांजली वाहतो. गेलेला माणूस कोणीही असो, तो कष्टाळू आणि मनमिळाऊच असतो. माझे वडील कष्टाळू होते, पण मनमिळाऊ? बांधावरून अर्ध्या भावकीशी त्यांचं वाकडं होतं! ते तसले शब्द मला त्यांच्याबद्दल ऐकवले नसते. म्हणून आदल्या दिवशी निगडीच्या फ्लॅटमध्ये बसून मी माझं भाषण लिहिलं, पाठ केलं, कुठे थांबायचं तेही ठरवलं. घाटावर ते चोख झालं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. चुलते जवळ येऊन म्हणाले, "काय उत्स्फूर्त बोललीस गं पोरी! हातात कागूद न्हाई का काय न्हाई." मी नुसती मान हलवली.

मग पिंड ठेवला आणि कावळा शिवेना.

कावळे होते. समोरच्या बाभळीवर बसून सगळं बघत होते, खाली मात्र उतरत नव्हते. अशा वेळी गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली असं धरतात. ती काय असेल याचा अंदाज करून, हात जोडून, मोठ्याने शब्द द्यायचा असतो. चुलते पुढे झाले. "दादा, बांधाचं मिटिवतो. लई झालं आता." कावळे ढिम्म. आमच्या घरामागे कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्या आहेत, त्यांच्यावरून चुलतभाऊ म्हणाला, "आबा, खोल्यांची काळजी करू नका, आमी हाय." तरी काही नाही. ऊन चढायला लागलं. सेकंड शिफ्टवाले घड्याळं बघू लागले. गुरुजींनी दर्भाचा कावळा वळायला घेतला. तो शिववला असता तर विधी पार पडला असता, पण माणूस अतृप्त गेला असं गावाने कायमचं धरलं असतं.

माझा यावर विश्वास नाही. आजही नाही. तरी मी बायकांतून उठून सरळ पुढे गेले आणि हात जोडून म्हणाले, "आबा, आईला मी निगडीला घेऊन जाते. तिला इथं एकटीला ठेवणार नाही."

कावळा उतरला, पिंडाला चोच मारली आणि भाताचं शीत घेऊन उडाला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला.

आयुष्यात खरोखर न ठरवता मी बोलले असेन तर हेच. आणि याला कोणीही उत्स्फूर्त म्हणालं नाही. 'लेकीनं शब्द दिला' म्हणाले. मी तेव्हापासून स्वतःलाच विचारते आहे, ते आलं कुठून? आईला न्यावं असं माझ्या मनात आधीपासून होतं का? की गावाची भीती बोलली? की समोरच्याला काय ऐकायचंय ते हेरून तेवढंच बोलायची माझी स्पर्धेतली खोड, आणि समोर या वेळी कावळा होता एवढंच? मी खरं बोलले की नुसती वेळ मारून नेली, हे मला आजही सांगता येत नाही. कावळ्याला भूक लागली असेल असंही वाटतं, आणि असं वाटल्याचं वाईटही वाटतं.

घरी आलो तर काकूने आईच्या साड्या बॅगेत भरायला सुरुवातही केली होती. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द, तो काय मोडायचा असतो? आई ओट्यावर बसली होती. त्या खोल्यांच्या किल्ल्या तिच्याकडे असतात. कोण कोणत्या शिफ्टला गेलंय, कोणाच्या बायकोला दिवस गेलेत, हे तिला ठाऊक असतं. नाइट करून आलेला लातूरकडचा एक भाडेकरू किल्ली मागायला आला, तर काकू त्याला म्हणाली, "आता किल्ल्या आमच्याकडं मागायच्या. त्या चालल्या लेकीकडं." आईने कमरेची किल्ली काढून त्याला दिली.

मी तिच्याशेजारी बसले. "आई, मी मनापासून बोलले गं," मी म्हणाले. म्हणताना माझाच आवाज मला परका वाटला.

"आसंल," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "समद्या गावाम्होरं कावळ्याला सांगितलंस. मी तितंच व्हते की, तुझ्या मागं बसलेली. मला का न्हाई इचारलं?"