एकही वाचक न गळालेलं पत्र

रविवार, कार्तिक वद्य पंचमी. ठिकाण: धार, मिक्सर दुरुस्तीच्या दुकानावरची खोली. हजर: मी, माझा धाकटा भाऊ मुकुंद आणि आमचे कारागीर रामेश्वर. गैरहजर: ज्यांची ही खोली आणि ज्यांनी दहाची वेळ दिली होती ते अनिरुद्ध, म्हणजे सगळ्या धारचे अनूभिया.

साडेअकराला ते आले. वय पंचेचाळिशीचं, केसांची शेपटी, काळा म्हणून घेतलेला आणि आता राखाडी झालेला टीशर्ट. हातात पोह्यांचा पुडा होता, एकट्यापुरता. "घड्याळानं चालतं ते ऑफिस," खुर्चीत बसत ते म्हणाले, "रॉक नाही." चुकीबद्दल बोलायचं सोडून माणूस सुविचार सांगायला लागला की मी वहीत फुली मारते. पहिली फुली तिथे पडली.

आमचं काम साधं होतं. देवासला आमचा चामड्याच्या पट्ट्यांचा छोटा कारखाना आहे. रामेश्वरनी चपला शिवणं सोडून गिटारचे पट्टे शिवायला घेतले ते माझ्या शब्दावर. मग आमचं मोठं गिऱ्हाईक बंद झालं. नवी गिऱ्हाइकं मिळाली नाहीत तर रामेश्वरना दुसऱ्याच्या कारखान्यात चपलांचे तळ चिकटवायला जावं लागणार होतं. जाहिरात एकच परवडणार होती. मुकुंदला एका लग्नात अनूभिया भेटले होते, आणि त्यांच्या रॉक संगीताच्या वार्तापत्रावर तो लट्टू झाला होता. वार्तापत्राचं नाव 'दणका'. महिन्यातून एकदा ईमेलनं जाणार. थोडं हिंदी, थोडं मराठी, बाकी उद्गारचिन्हं.

मी प्रश्न लिहूनच नेले होते. वाचक किती?

"ताई, रॉक मोजत नसतात. जो मोजतो तो वाजवत नाही."

"तुम्ही वाजवता?"

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे सुतळीनं बांधलेली गिटार लटकत होती. तारा तीन. "बाकीच्या मागवल्या आहेत," ते म्हणाले. केव्हा मागवल्या ते मी विचारलं नाही. सुतळीवरची धूळ दिसत होती.

वाचकांत गिटार वाजवणारे किती, यावर ते म्हणाले, "आत्म्यानं सगळेच." मागच्या अंकातल्या जाहिरातीचा उपयोग झाला का, यावर म्हणाले, "परिणाम शोधतो तो दुकानदार." मी दुकानदारच आहे हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. मग पोह्यांवरचा शेवटचा दाणा टिपत त्यांनी हुकमाचं पान टाकलं. "एवढ्या वर्षांत एकही वाचक गळालेला नाही. एकही! दुनिया में ऐसा दूसरा पर्चा बता दो, भिया."

मुकुंद माझ्याकडे विजयी नजरेनं बघायला लागला. मला मात्र शंका आली. एकही न गळणारी यादी मी एकाच तऱ्हेची पाहिली आहे: जिच्यात कुणी आपणहून आलेलं नसतं. "यादी दाखवा," मी म्हटलं.

त्यांनी कौतुकानं स्क्रीन माझ्याकडे वळवला. पहिलं नाव: 'पटवर्धनकाका (पायऱ्या चढवत नाहीत)'. दुसरं: 'इनामदार सर, कन्नौद (गोड चालत नाही)'. तिसऱ्या नावापर्यंत माझे कान तापले. ही यादी माझी होती. देवासच्या मराठी समाजाची चिटणीस असताना ईमेलनं आमंत्रणं पाठवायला नि घरोघर प्रसाद पोचवायला मी ती केली होती. मांडूला दोन्ही गावांची मिळून सहल गेली तेव्हा ती धारच्या चिटणिसांकडे पाठवली. ते यांचे काका. पुतण्यानं ती जशीच्या तशी, माझ्या शेऱ्यांसकट, वार्तापत्राला जोडली होती. म्हणजे दर महिन्याला पत्राची सुरुवात व्हायची, "नमस्कार, पटवर्धनकाका (पायऱ्या चढवत नाहीत)! या महिन्याचा दणका!"

मी तिथूनच इनामदार सरांना फोन लावला.

"येतं ना," सर म्हणाले. "आधी मला वाटलं, समाजाचंच काही. मग खाली अनिरुद्धचं नाव दिसलं."

"वाचता?"

"छे गं! पण बंद कसं करायचं? त्याचे आजोबा माझ्या मुंजीला आले होते. पोराला वाईट वाटेल. आणि गोड चालत नाही हे दर महिन्याला लक्षात ठेवून लिहितो बिचारा."

मी फोन ठेवला. अनूभिया मुळीच खजील झाले नव्हते. "मग? ही माणसं नाहीत?"

"गिटार वाजवतात का?"

"वाजवतील."

रामेश्वर उठले, भिंतीवरच्या गिटारीची सुतळी त्यांनी बोटानं चाचपली आणि मला म्हणाले, "दीदी, इश्तिहार तो रेने दो. पर भिया को एक पट्टा दे दो, नी तो गिटार गिर जाएगी."

पट्टा मी दिला नाही. आळसाला बक्षीस द्यायची माझी पद्धत नाही. इतका पोकळ माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही, आणि समाजाच्या कामात मी पुष्कळ पाहिले आहेत. जाहिरात रद्द झाली. मुकुंदनं आणि मी इंदूर-उज्जैनच्या गिटारच्या क्लासांची नवी यादी केली, प्रत्येकाला फोन लावला. रामेश्वर अजून आमच्याकडेच आहेत, टेबलावर पट्टेच असतात.

निघताना मी अनूभियांना बजावलं होतं, ज्यांना विचारलेलं नाही ती नावं कमी करा. ते आरामात म्हणाले, "यादी तुमची, ताई. कुणाकुणाची कमी करायची ते तुम्हीच कळवा." स्वतःचं काम दुसऱ्याच्या वहीत ढकलणं एवढं एकच त्यांना चोख जमत होतं.

मी एकेकाला फोन केले, खुणा केल्या आणि नावं कळवत गेले. अनूभिया पुन्हा भेटले नाहीत. भेटावं असं वाटलंही नाही.

त्या यादीत माझं नाव नव्हतं. आमच्या घराचं आमंत्रण आईच्या नावानं जायचं. तिचा ईमेलही मीच उघडून दिला होता. ती गेल्यावर तो मी कधी पाहिला नव्हता. धारहून आल्यावर पाहिला. तीन वर्षांचे अंक न उघडता पडून होते, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर माझाच शेरा: "नमस्कार, सुलभाकाकू (कमी ऐकू येतं, मोठ्यानं हाक मारावी)!"

बाकी सगळ्यांसमोर खूण झाली आहे. तेवढं एक नाव कळवायचं राहिलं आहे.