मेलेली माणसं बिस्किटं देतात

मूल खोटं बोलायला लागलं की आयांची झोप उडते. माझी उडाली होती, कारण माझी मुलगी खरं बोलायची!

मुक्ता तेव्हा साडेचार वर्षांची. "आई रविवारी कुठे जाते गं?" असं कुणी नुसतं विचारायचा अवकाश, ही सगळं सांगणार. मी अंथरुणात पडल्या पडल्या मोजत बसायची, उद्या हिला कोण कोण भेटणार. दूधवाला. समोरच्या वकीलबाई. रिक्षावाला. त्यातला कोण विचारेल, आणि ही काय सांगेल?

आमच्या हुबळीतल्या कोप्पीकर रोडवरच्या कॉम्प्युटर क्लासात एक की-बोर्ड होता. उलटा करून टेबलावर आपटला की आतून गिरमिटातले, म्हणजे आमच्याकडच्या भेळेतले, चिरमुरे पडायचे. परत आपटा, आणखी पडायचे! त्या क्लासातले किस्से तसेच आहेत. संपले म्हणावं, तर कुणीतरी आपटतं.

*

क्लास देसाई सरांचा. पहिल्या मजल्यावर दहा कॉम्प्युटर. मी तिथे शिकवायची. हार्डवेअर बघायला मंजुनाथ आणि अकाउंट्स शिकवायला विनायक. मंजुनाथने एकदा "नेटवर्किंगचं प्रॅक्टिकल" म्हणून दहाही कॉम्प्युटर वायरींनी जोडले आणि त्यावर ती बंदुकांची गेम टाकली.

गेम सोपी. पाच जण इकडचे, पाच तिकडचे, एका ओसाड गावात एकमेकांना हुडकून गोळ्या घालायच्या. मेलेल्यानं फेरी संपेपर्यंत गप्प बसायचं. पुढच्या फेरीला सगळे पुन्हा जिवंत! मेल्यावर पुन्हा उठायला शिकवणारा दुसरा कुठला धंदा मी तरी बघितलेला नाही.

एका रविवारी त्यांना पाचवा गडी कमी पडला. मी उत्तरपत्रिका तपासत बसले होते.

"मॅडम, बसा की हो. काही करू नका, नुसतं बसा," मंजुनाथ म्हणाला.

मी बसले. दिसली पहिली पेटी, तिच्यामागे लपले आणि तिथून हललेच नाही! आमचे चौघं मेले. तिकडचा एक उरला, तो मला शोधत यायला लागला. हेडफोनमध्ये त्याची पावलं वाजत होती. पाळण्यात पोर झोपवून भांडी घासणाऱ्या बाईला पावलं कळतात हो! कोण कुठून येतंय, दार वाजवणार की नाही, सगळं. तो वळणावर आला आणि मी डोळे मिटून बटण दाबलं.

डोळे उघडले तर सगळी लॅब ओरडत होती.

"यप्पा! मॅडम, कुठे शिकलात?"

काय सांगणार? घाबरायला मी लहानपणापासून शिकलेय. त्याचा उपयोग पहिल्यांदा झाला, एवढंच.

*

त्यानंतर रविवार दुपार माझी झाली. पाचांचा संघ ठरला, पण सरावाला बऱ्याचदा आपसातच वाटून एकमेकांना मारायचो. मी, मंजुनाथ, विनायक आणि इनामदारांची जुळी पोरं, आमचेच जुने विद्यार्थी. सुधीर, माझा नवरा, बेलूरच्या फॅक्टरीत. त्याला रविवारी सुट्टी असली की मुक्ता त्याच्याकडे. नसली की माझ्याबरोबर लॅबमध्ये.

विनायकला डावं-उजवं कळायचं नाही. "डावीकडे दोन!" म्हटलं की हा उजवीकडे पळून मरायचा. शेवटी मी त्या गावातल्या जागांना घरातली नावं दिली. ओलसर बोळ ती मोरी, मधली मोठी जागा ते माजघर, अंधारी खोली ती कोठी. विनायक एकदाही चुकला नाही पुढे!

एका रविवारी देसाई सर एका पालकांना क्लास दाखवायला घेऊन आले. आम्हाला पत्ता नाही. दार बंद, आतून आवाज.

"मोरीत दोघं आहेत, मोरीत!"

"मॅडम मेल्या!"

"मेल्या तर मेल्या, तू कोठीत जा!"

बाहेरून सरांचा आवाज आला, "ही आमची स्पोकन इंग्लिशची बॅच."

पालकांनी मान डोलावली. "हौद्री, बरोबर. मग इंग्लिश कधीपासून सुरू होतं?"

*

घरी अक्का. म्हणजे माझ्या सासूबाई. केलगेरीच्या आमच्या अख्ख्या गल्लीच्या त्या अक्का. नवरा शिक्षक, स्वतः शिक्षिका, आणि बोलणं असं की पुढचा माणूस आपोआप सरळ बसतो.

मुक्ताच्या खरं बोलण्याचं मूळ तिथे आहे. तिला इंजेक्शन द्यायचं होतं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "काही दुखत नाही हं बाळा." अक्कांनी त्यांना तिथल्या तिथे फटकारलं.

"खोटं सांगू नका पोरीला. दुखतं, पण पाच मोजेपर्यंत. असं सांगा. खरं कळलं की माणसाची भीती जाते."

मुक्ताने पाच मोजले आणि खरंच रडली नाही. तेव्हापासून घाबरलेलं कुणी दिसलं की ही जाऊन खरं सांगते! सुधीर स्कूटर काढताना त्याच्या कानात, "पप्पा, पेट्रोल नाहीये. भिऊ नका."

तर एका रविवारी घरी अक्कांचं भजनी मंडळ जमलं होतं. मी पर्स विसरले म्हणून परत आले आणि दाराबाहेरच थबकले. आतून वकीलबाई विचारत होत्या, "आई कुठाय गं तुझी?"

"विनायककाकाला मारायला गेलीय."

टाळ थांबले.

"कशाला गं?"

"मागच्या रविवारी त्याने आईला मारलं होतं ना!"

मी जिन्यात, एका पायात चप्पल. आत जावं की पळावं? तेवढ्यात अक्कांचा आवाज आला, जराही न चढलेला.

"मारून झालं की येताना अर्धा लिटर दूध आण म्हणावं. हं, घ्या पुढचं भजन."

मला हसू आलं, पण फार वेळ टिकलं नाही. संध्याकाळी भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "तू खेळतेस, त्याला माझी ना नाही. कळत तर मला काहीच नाही त्यातलं. पण पोरीला कधी 'हे सांगू नकोस' म्हणालीस, तर त्या दिवशी खेळ बंद. ज्यासाठी पोर खोटं शिकतं, ते आपण करायचं नाही."

हे एवढं वाक्य, आणि माझी झोप गेली ती गेलीच.

*

शाळेचा प्रवेश आला. मुलाखत मुलीची, पण घाम मला! आदल्या आठवड्यात रंग, फळं, प्राणी, सगळी तयारी करून घेतली. रविवारबद्दल काय करायचं? "सांगू नकोस" तर म्हणता येत नाही. मी देवावर सोडलं.

मोठ्या बाई कडक इस्त्रीच्या साडीत. "पप्पा काय करतात?"

"बेलूरच्या फॅक्टरीत जातात."

"आणि आई?"

"आई शिकवते."

मी श्वास सोडला. इतक्या लवकर सोडायचा नव्हता.

"छान! मग रविवारी काय करतेस तू?"

"मेलेल्या माणसांजवळ बसते."

बाईंनी चष्मा काढला.

"आई त्यांना मारते. मग ती माणसं मला बिस्किटं देतात."

सुधीरला वाटलं आपण सावरावं. "मॅडम, ती पितृपक्षाचं म्हणतेय. श्राद्ध वगैरे..."

"नाही पप्पा!" मुक्ता म्हणाली. "विनायककाका दर रविवारी मरतो."

मग मीच सगळं सांगितलं, गेम, लॅब, चिरमुरे, सगळं. बोलताना माझा आवाज असा कापत होता की जणू विनायक खरंच गेलाय. बाईंनी ऐकून घेतलं आणि कागदावर सही केली.

"मुलगी धीट आहे. प्रवेश दिला," त्या म्हणाल्या. "आई जरा भित्र्या दिसतात."

*

आणि मग देसाई सरांनी रविवारच हातातून काढायला घेतला. बँकेतल्या लोकांची बॅच त्यांना रविवारी दुपारी सुरू करायची होती. मंजुनाथने हातापाया पडून सौदा केला. हुबळीतल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये या गेमची स्पर्धा होती.

"जिंकलात तर रविवार तुमचा," सर म्हणाले. "हरलात तर बॅच सुरू. आणि मॅडम, ती तुम्हीच घ्यायची."

घरी सांगितलं, तर अक्का म्हणाल्या, "मीही येते बघायला. एवढं काय आहे त्यात, कळू दे."

मी घाबरले. स्पर्धेला कमी, अक्कांना जास्त.

*

कॉलेजचा हॉल. समोरासमोर दोन रांगा, पाच-पाच कॉम्प्युटर. मी माझ्या खुर्चीवर बसले तर एक स्वयंसेवक धावत आला.

"आंटी, पेरेंट्स मागे बसतात."

मंजुनाथ त्याला म्हणाला, "तू मागे बस. आंटी मारतात."

पहिल्या दोन मॅच जिंकलो. सेमीफायनलमध्ये मात्र घात झाला. मुक्ता सुधीरच्या मांडीवरून सुटली आणि पलीकडच्या मुलांच्या मागे जाऊन उभी राहिली. तिकडून खणखणीत आवाज आला, "आई, मोरीत एक आहे!"

मोरीत खरंच एक होता. मी त्याला मारला. बोट आधीच दाबलं गेलं होतं. मग हात वर केला आणि पंचांना सांगितलं, ही फेरी धरू नका, पोरीने त्यांचा स्क्रीन बघून सांगितलं. पंचांना तर मोरी म्हणजे काय तेही कळलं नव्हतं! मंजुनाथ माझ्याकडे असा बघत होता की मी त्याचीच किडनी विकलीय. ती फेरी पुन्हा खेळलो, हरलो, आणि मॅच कशीबशी एका फेरीने काढली.

मागे बघितलं. अक्कांनी पदर सारखा केला.

फायनलच्या आधी मी मुक्ताला समोर बसवलं. आता शब्द जपून वापरायचे होते. "सांगू नकोस" तर म्हणायचं नाही, आणि अक्का दोन हातांवर बसलेल्या.

"मुक्ता, त्या दादांच्या स्क्रीनवर जे दिसतं ना, ते आपल्यापैकी कुणाला सांगितलं तर ती लबाडी होते. मला नाही, मंजुनाथकाकाला नाही, विनायककाकाला नाही. आपल्यापैकी कुणालाच नाही. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"आपल्यापैकी कुणालाच नाही."

अक्कांनी मान हलवली. पसंत, असं मी धरून चालले.

*

फायनल हॉस्टेलच्या पोरांशी. प्रत्येकाने स्वतःचा माऊस आणलेला! फेऱ्या बरोबरीत गेल्या आणि शेवटची एकच उरली. रविवार माझा की बँकवाल्यांचा, ते आता तीन मिनिटांत ठरणार होतं.

पहिल्या मिनिटात विनायक गेला. मग जुळी, एकामागोमाग एक, जन्मल्यासारखी. मंजुनाथने त्यांचे तीन नेले आणि चौथ्याबरोबर स्वतः गेला. चौघे मेलेले माझ्या दोन्ही बाजूंना, नखं तोंडात.

उरली मी. आणि त्यांचा एक, उंच, टोपीवाला, अगदी माझ्या समोरच बसलेला. स्क्रीनमुळे तोंड दिसत नव्हतं, पण टेबलाखालून त्याचा गुडघा दिसत होता. शिलाई मशीनसारखा हलत होता.

मी निळ्या पेटीमागे. नेहमीसारखीच. बंदुकीकडे बघितलं.

"अगं बाई, गोळ्या संपल्या," मी पुटपुटले.

माझ्या खुर्चीला टेकून मुक्ता उभी होती. कधी आली, कळलंच नाही.

हातात नुसता चाकू उरला होता. म्हणजे त्याला जवळ येऊ द्यायचं. हलायचं नाही, श्वास घ्यायचा नाही. माझं एवढंच तर शिक्षण! त्याला ते ठाऊक नव्हतं. त्याला वाटत होतं, कुठूनही गोळी येईल. पाऊल टाकायचा, थांबायचा. परत एक पाऊल. माजघर ओलांडलं. कोठीत डोकावून गेला. पेटीपर्यंत आणखी सात-आठ पावलं. ये बाबा, ये.

खुर्चीचा भार हलका झाला. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, मुक्ता टेबलाला वळसा घालून चालली होती. सुधीर अर्धा उठला. अक्कांनी त्याचा शर्ट धरून खाली बसवलं.

ती टोपीवाल्याच्या शेजारी जाऊन थांबली. त्याच्या स्क्रीनकडे बघितलं. मग त्याच्या हलणाऱ्या गुडघ्याकडे. मग टेबलावरून माझ्याकडे. मी मान हलवली, नाही, नाही! तिनेही समजूतदारपणे मान हलवली. आपल्यापैकी कुणालाच नाही.

मग त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि स्वच्छ कन्नडमध्ये, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी म्हणाली,

"अण्णा, भिऊ नका. माझी आई निळ्या पेटीच्या मागे आहे. तिच्या गोळ्या संपल्यात."