लोण्यावर सोडलेलं पाणी

सासरी येऊन वर्ष होत आलं तरी मला काय आवडतं हे पेठेतल्या त्या घरात कुणी विचारलं नव्हतं. विचारायची रीतही नव्हती. सुनेनं पानात पडेल ते खायचं. दसऱ्याला मोठी फौज उत्तरेकडे निघाली आणि तिच्याबरोबर माझे यजमान कारकून म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला देवघरात बोलावलं.

"तुला खायला सगळ्यात काय आवडतं?"

मी हरखून गेले. नवरा दूर गेलेल्या पोरीचं मन रमावं म्हणून काही करून घालणार असतील, असं वाटलं. मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, ताजं लोणी.

त्यांनी माझ्या तळहातावर पळीभर पाणी घातलं आणि ते ताम्हनात सोडायला लावलं. तो सुखरूप परत येईपर्यंत मला लोणी वर्ज्य. घरचा माणूस मोहिमेवर गेला की मागे राहिलेल्यांनी आवडीची वस्तू सोडायची, हा आमच्याकडचा नेम होता. सासूबाईंनी स्वतः गोड सोडलं होतं, सासऱ्यांनी विडा. आपण इथे जेवढं सोसू तेवढं तिकडे त्याच्या पाठीशी उभं राहतं, अशी समजूत. आमच्या तोंडचा घास काढून घेण्यात देवाला एवढी गोडी का, हे विचारायची तेव्हा माझी छाती नव्हती. आता आहे, पण उत्तर देणारं कुणी उरलेलं नाही.

लोण्याची आवड माहेरची होती, पण खरी गोडी लागली ती सासरी. पहाटे मागल्या पडवीत मी ताक घुसळत असे. सासूबाई स्नानाला आणि सासरे पूजेची फुलं तोडायला गेलेले असत. त्या काळात नवऱ्यानं दिवसाउजेडी बायकोशी बोलणं म्हणजे निर्लज्जपणाच. पण यजमान त्या वेळी मागच्या दारानं यायचे आणि हात पुढे करायचे. मी गोळा ठेवला की अर्धा मोडून मला द्यायचे. उभ्या उभ्याच आम्ही खायचो. हौदावर आज गर्दी किती होती, कात्रजचं पाणी किती गार लागतं, असलंच काहीतरी ते सांगत. सांगण्यासारखं त्यात काही नसे, आणि मला तर दिवसभर पुरे. उद्यासाठी काही राखून ठेवावं हे त्या माणसाला ठाऊकच नव्हतं. त्यासाठी सासूबाईंची बोलणी त्यांनी पुष्कळ खाल्ली.

निघायच्या दिवशीही ते पडवीत आले. खाऊन झाल्यावर म्हणाले, "माझ्या वाटचंही आता तूच खात जा."

हे मी सासूबाईंना कोणत्या तोंडानं सांगणार? आम्ही पडवीत बोलतो हेच मुळात कुणाला कळायला नको होतं. मी पाणी सोडलं.

पुढे रोज पहाटे तेच ताक, तीच रवी. लोणी वर आलं की गोळा करायचा, गार पाण्यात सोडायचा, हाताला लागलेलं भांड्याच्या काठाला निपटायचं आणि हात राखेनं खसखसून धुवायचे. चोरून खाता आलं असतं. तिथे कुणी पाहायला नव्हतं. पण बोट ओठांशी नेलं की मनात यायचं, या क्षणी तिकडे त्यांच्यावर कुणी तलवार उगारली असली तर? एकदा हे मनात शिरल्यावर कुठलं लोणी घशाखाली उतरणार! नवऱ्यानं खायला सांगितलेलं आणि नवऱ्याच्या जिवासाठी सोडलेलं, दोन्ही एकच. मी धुसफुसत घुसळत राहिले.

आमच्या शेजारणीचा नवराही त्याच फौजेत होता. तिलाही तिच्या सासूनं हाच प्रश्न विचारला होता. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी आणि चाळीस वर्षांनी शहाणी. तिनं सांगितलं, कारलं. कारल्यावाचून माझा घास उतरत नाही म्हणाली. सासूला गहिवरून आलं. मग ही बाई वर्षभर कारलं सोडून सगळं चवीनं खात होती, दुपारी अंगणात सागरगोटे खेळत होती, आणि आमच्या सासूबाई तिच्या हसण्याला नावं ठेवत होत्या.

मग उत्तरेकडून वाईट बातम्या आल्या. कोण पडलं, कोण वाचलं, कुणाला धड सांगता येईना. उन्हाळ्यात थोडीफार माणसं परतली, त्यांत शेजारणीचा नवरा लंगडत आला. तिच्या सासूनं नेम फेडायला तिला पानभर कारल्याची भाजी वाढली आणि समोर बसून खायला लावली. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून ती मला म्हणाली, "अगं, सासूला खरं सांगतं का कुणी?"

मला तिचा राग आला नाही. देवाचा आला.

आमच्या घरात मात्र उलटाच निष्कर्ष निघाला. तिचा आला आणि आपला नाही, म्हणजे आपलंच काहीतरी कमी पडलं. सासूबाईंनी रात्रीचं मीठ सोडलं, सासऱ्यांनी पायतण. मला पुन्हा विचारलं, आणखी काय आवडतं? मी म्हटलं, काही नाही. तोवर ते जवळजवळ खरंही झालं होतं.

नंतर जी वर्षं गेली ती जगण्यात धरायची की नाही, मला कळत नाही. झोपाळा टांगायचा तो आल्यावर. आंबेमोहर काढायचा तो आल्यावर. तांदळाला पोरकिडे लागले तरी पोतं सोडलं नाही. कुणी मोठ्यानं हसलं की सासरे दाराकडे पाहत. शेवटच्या दुखण्यात वैद्यांनी सासूबाईंना मात्रा मधातून दिली, तर त्यांनी दात घट्ट मिटून घेतले. मी विनवलं. त्या म्हणाल्या, "तो आला तर त्याला काय सांगू?" औषध तसंच राहिलं आणि त्या गेल्या. त्यांनीही स्वतःला काही कमी छळलं नव्हतं, म्हणून मला त्यांना नीट शिव्याही देता येत नाहीत.

त्या असेपर्यंत पुढचा विषय काढायची कुणाची बिशाद नव्हती. त्या गेल्यावर उपाध्याय आले. माणूस बारा वर्षं बेपत्ता असला की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. सासऱ्यांनी मान हलवली. पुतळा जळला, माझं कुंकू गेलं, केस गेले, लाल आलवण अंगावर आलं. सगळं आटोपल्यावर उपाध्याय म्हणाले, आता नेमही सुटला, लोणी घ्यायला शास्त्राची हरकत नाही. फार उपकार झाले!

सासऱ्यांनी विडा मागितला. तोंडात दात नव्हते, म्हणून मी तो खलात कुटून दिला. तो चघळत ते भिंतीकडे तोंड करून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी घुसळायला बसले. लोणी वर आलं. थोडं बोटावर घेतलं आणि देवाला नाही, नशिबाला म्हटलं, आता एवढं कर, याची चव गेलेली असू दे. मला आवडेनासं झालेलं असू दे. म्हणजे फारसं काही गमावलं नाही, असं तरी म्हणता येईल.

मी ते जिभेवर ठेवलं. चव तश्शीच होती. किंचित आंबूस, गार, जिभेवर ठेवताच विरघळणारी. इतकं चांगलं होतं ते, आणि रोज माझ्याच हातांत होतं. मी त्या पडवीत बसून मोठ्यानं रडले. क्रियेसाठी घरात जमलेल्या सगळ्यांना वाटलं, नवऱ्यासाठी रडतेय.