जेवणाआधीचे आणि नंतरचे काका

आमच्या समोरच्या काकांइतकं कमी जेवणारा आणि त्यांच्याइतकं सतत खाणारा माणूस अख्ख्या विरारमध्ये दुसरा नसेल. नव्वदच्या दशकात ते मनवेलपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आले, तेच मुळी सामानाच्या टेम्पोत पुढे बसून, मांडीवर चिवड्याचा डबा घेऊन. कपाट वर चढायच्या आत हमालांच्या हातावर चिवडा पडला होता. दुपारी काकूंनी पान वाढलं की काकांना भूक नसायची. ताटं उचलली की थोड्याच वेळात डब्याचं झाकण वाजायचं.

"अहो, आत्ताच नको म्हणालात ना?" काकू आतून ओरडायच्या.

"ते जेवण होतं. हे नुसतं तोंडात टाकतोय."

मग काकू तणतणत यायच्या, डबा हिसकावून घ्यायच्या आणि त्यातलाच मूठभर चिवडा खात त्यांच्यासमोर बसायच्या. पुढे तासभर दोघांच्या गप्पा. त्यांचं हसणं आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचं आणि आई हातातलं काम सोडून ऐकत राहायची. आमच्याकडे सगळे वेळेवर जेवायचे आणि आपापल्या कोपऱ्यात जायचे.

वसईच्या गावातला एक मित्र काकांना सुकेळी आणून द्यायचा. ती वाळवलेली गोड केळी काका चक्क उशीखाली ठेवायचे. एकदा गादीभर मुंग्या झाल्या. काकूंनी अबोला धरला, तो काकांनी स्वतः तळलेल्या कांदाभजीच्या वासावर सुटला. "मीठ विसरलात," हे त्यांचं पहिलं वाक्य.

काकू अचानक गेल्या. त्यानंतर आईने काकांना आमच्याकडेच जेवायला बोलावलं. ते वेळेवर यायचे, पानात पडेल ते संपवायचे, हात धुऊन निघायचे. आईने चिवड्याचा डबा भरून दिला, तो महिनाभर तसाच राहिला.

"काका, उघडलासुद्धा नाहीत?" मी एकदा विचारलं.

"उघडला होता गं," ते हसून म्हणाले. "झाकण चांगलं वाजवलंही. आतून कुणी ओरडलंच नाही."

पुढे मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली. दिवाळीत तिचा फोन आला. "बाबांना छान शिस्त लागलीय हो मावशी. दोन वेळा पोटभर जेवतात, मधे काही म्हणजे काही मागत नाहीत."

आई "बरं" म्हणाली. तिकडून फोन कधीच बंद झाला होता, तरी ती रिसीव्हर हातात धरून बसून होती.