गॅरेजातली मूर्ती आणि तीन गावांचा होकार

लोक विलायतेत आले की राजवाडा बघतात, घड्याळाचा मनोरा बघतात. मी बघितलं माझ्या धाकट्या भावाचं गॅरेज. बेसिंगस्टोकच्या त्याच्या घरी पोचून बॅग खाली ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला, "मूर्ती कुठाय?" मिलिंद म्हणाला, "ताई, आधी चहा घे." तेव्हाच मला काहीतरी बिनसल्याचा वास आला.

सांगते. मी अकोल्याची, पस्तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेली बाई. निवृत्त झाले तेव्हा काळ्या दगडाची गुडघाभर उंचीची बुद्धमूर्ती घडवून घेतली आणि सोलापुरी चादरीत गुंडाळून जहाजानं इकडे पाठवली. इथल्या आपल्या बौद्ध मंडळींना भाड्याच्या हॉलमध्ये फोटोपुढे वंदना म्हणावी लागते, हे मिलिंदनं सांगितलं होतं म्हणून. त्याला दोन वर्षं झाली. आणि मूर्ती गॅरेजात, गवत कापायच्या मशिनशेजारी, माझ्याच चादरीखाली. वर पुतणीची सायकल रेललेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग राग आला, तो मी गिळला नाही.

"तू अध्यक्ष आहेस ना मध्यवर्ती समितीचा?"

"आहे गं. पण माझ्या हातात काही नाही."

झालं होतं असं. बेसिंगस्टोक, मेडनहेड आणि लीड्स या तीन गावांची मंडळं पूर्वी एका मोठ्या संस्थेखाली होती. तिथे एकच गृहस्थ वर्षानुवर्षं अध्यक्ष, ते म्हणतील ती पूर्व दिशा. शेवटी तिन्ही मंडळं भांडून बाहेर पडली. स्वतंत्र झाल्याच्या आनंदात आपली नवी नियमावली लिहिली, आणि पुन्हा कुणी डोक्यावर बसू नये म्हणून मध्यवर्ती समितीला काहीच अधिकार ठेवला नाही. तिन्ही गावांचा होकार असेल तरच काही करायचं. नियम बदलायचा तरी तिघांचा होकार हवा. त्यामुळे मूर्ती आल्यावर ती बसवायची कुठे, हे ठरेना. ठरेपर्यंत ती जागची हलवायचीही नाही.

त्या संध्याकाळी पुतणी यशू स्वयंपाकघरात वह्या पसरून बसली होती. सोळा वर्षांची, जन्म इथलाच. "आत्या, माझा प्रेझेंटेशन ऐकतेस? अमेरिकाचा आहे." इंग्रजांच्या शाळेत इंग्रजांना हाकलणाऱ्यांचा धडा, म्हटलं ऐकू तरी.

"ते तेरा कॉलनीज इंग्लंडच्या किंगपासून फ्री झाले ना, तर ते खूप स्केअर्ड होते की परत किंग नको. म्हणून त्यांनी जे पहिला गव्हर्नमेंट केला, ते एकदम वीक होता. टॅक्स घेऊ शकत नाही, फक्त राज्यांना रिक्वेस्ट करायचा. राज्यं म्हणायचे, सॉरी. लढलेल्या सोल्जर्सचा पगार पण नाही. एका राज्यातून दुसऱ्यात माल नेला तर ते आपसात कर लावायचे, सेंटर काही करू शकत नाही. आणि रूल चेंज करायला तेराच्या तेरा पाहिजे. सगळ्यात छोटा स्टेट एकटा नो म्हणाला की फिनिश."

मी मिलिंदकडे बघितलं. तो कांदा चिरत होता, आणि चिरतच राहिला.

"मग काय झालं पुढे?" मी विचारलं.

"मग ते परत बसले आणि नवा कॉन्स्टिट्यूशन लिहिला. पण त्यात छोट्या स्टेट्सना पण प्रॉमिस दिला."

रात्री जेवताना मिलिंदनं खरी गोष्ट सांगितली. लीड्सला कमलमावशी आहेत. तरुणपणी नर्स म्हणून आल्या, तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात जन्म काढला. आता नजर झपाट्यानं चाललीय, आणि खुब्यामुळे लांबचा प्रवास जमत नाही. दर फोनला विचारतात, मूर्ती इकडे कधी आणतोस रे. डोळ्यांत थोडा उजेड आहे तोवर एकदा बघायचीय. येत्या रविवारी लीड्सला हा नियम बदलण्याबाबत तिन्ही मंडळांची बैठक होती. मी म्हटलं, "मूर्ती गाडीत घाल." तो म्हणाला, "मेडनहेडनं लेखी 'नाही' दिलंय." मी पस्तीस वर्षं पोरांना सांगत आले की नियम पटत नसला तर बदला, पण मोडू नका. म्हटलं, "मग मेडनहेडला जाऊ. विचारायला काय जातं?"

शनिवारी मेडनहेडला गेलो. गाव नीटनेटकं, मधून थेम्स शांतपणे जाते, काठाला बदकं आणि महागड्या बोटी. प्रवीण तिथल्या मंडळाचा प्रमुख, चाळिशीतला, कम्प्युटरवाला. घरात शिरताच खमंग वास आला. त्याची बायको शेगडीवर वांगं भाजत होती. मी म्हटलं वा, आणि तेवढ्यात छताला लावलेली धुराची घंटा जी ठणाणा वाजायला लागली ती थांबेचना. प्रवीण खुर्चीवर चढून टॉवेलनं वारा घालतोय, खाली आम्ही जयभीम म्हणतोय. घंटा थांबली तेव्हा सगळे हसलो, आणि मला वाटलं बरं झालं, आता बोलणं सोपं जाईल.

तसं गेलं नाही. भरीत, भाकरी, ठेचा झाल्यावर मी विषय काढला. प्रवीण ताटावरून बोट फिरवत राहिला.

"मॅडम, तुम्हाला वाटत असेल मी आडमुठा आहे."

"वाटतंय खरं," मी म्हटलं.

"माझ्या वडिलांनी त्या जुन्या संस्थेसाठी वीस वर्षं सतरंज्या उचलल्या. एका जयंतीला स्टेजवर सगळ्यांची नावं घेतली, त्यांचं नाही. विचारलं तर अध्यक्ष म्हणाले, मेडनहेडची माणसं ती किती, तुम्हाला कशाला स्टेज. बाबा परत कुठल्या कार्यक्रमाला गेले नाहीत. वारले तेव्हाही ते मनात घेऊनच गेले." त्यानं ताट बाजूला सारलं. "आता आमच्याकडे आहे काय, तर 'नाही' म्हणायचा हक्क. मूर्ती एकदा लीड्सला गेली की परत येणार नाही, आणि आम्हाला विचारणारही कुणी नाही."

मी तावातावानं आले होते. हाच माणूस मी आल्यापासून मला मिलिंदच्या बोलण्यातून खलनायक वाटत होता. मी त्याला कमलमावशींचं सांगितलं. त्याला नजरेचं ठाऊक नव्हतं. कुणी त्याला कळवलंच नव्हतं, नुसत्या नियमावरून ईमेल चाललेले. त्यानं तिथेच लिहून दिलं, मूर्ती दाखवायला नेण्यास होकार, बसवण्यास नाही. "पण बैठकीत नियम बदलायला मी 'नाही'च म्हणेन," हेही सांगून टाकलं.

रविवारी पहाटे निघालो. मूर्ती मागच्या सीटवर, चादरीत, सीटबेल्ट लावून. शेजारी यशू. हमरस्त्यावर तीन तास, दोन्ही बाजूला हिरवी कुरणं आणि सारख्या चेहऱ्याच्या मेंढ्या. सर्व्हिसेसवर (हमरस्त्यावरचा थांबा) चहा मागितला तर कपात गरम पाणी आणि वर तरंगणारी पुडी मिळाली. मी यशूला म्हटलं, "या चहासाठी तुमच्या इंग्रजांनी जगभर राज्य केलं?" ती खूप हसली.

लीड्सला लाल विटांच्या घरांची एकाला एक चिकटलेली ओळ, त्यातलं एक कमलमावशींचं. त्या दारातच उभ्या होत्या, कडक इस्त्रीची पांढरी साडी, वर स्वेटर. मिलिंदनं आणि मी मूर्ती टेबलावर ठेवली आणि चादर काढली. मावशी जवळ आल्या, डोकं तिरकं करून बघू लागल्या. मग म्हणाल्या, "मधलं दिसत नाही गं मला. कडा दिसतात." त्यांनी दोन्ही हात पुढे केले. कपाळ, पापण्या, ओठ, सगळं बोटांनी सावकाश बघितलं. डाव्या कानाच्या पाळीशी बोट थांबलं.

"इथे लागलंय यांना."

टवका उडाला होता. यशूचा चेहरा उतरला. "माझा सायकल," ती पुटपुटली. मावशींनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "गॅरेजात ठेवल्यावर लागणारच की, बाळा." मला तेव्हा रडू आवरलं नाही.

दुपारी हॉलमध्ये बैठक. मूर्तीही तिथे नेली, तिच्यापुढे पंचशील झालं. प्रस्ताव एवढाच, तिघांऐवजी दोन गावांच्या होकारानं निर्णय व्हावा. यशूनं आपली अमेरिका पाच मिनिटांत सांगितली, छोट्या राज्यांना दिलेल्या वचनासकट. मग प्रवीण उठला. "मग आमचं वचन कुठाय?" तो म्हणाला. मी पेन काढलं आणि प्रस्तावाच्या वर लिहिलं, की ज्या गावाचा नकार असेल त्याचं म्हणणं आधी पूर्ण ऐकून घ्यावं, आणि अध्यक्षपद दरवर्षी गावागावांतून फिरावं. मोठ्यानं वाचलं. प्रवीणनं कागद हातात घेऊन पुन्हा वाचला.

मिलिंद हात वर करायला सांगणार, तोच कमलमावशी म्हणाल्या, "हात कशाला? भिक्खुसंघात कसं करायचे? तीनदा विचारायचं. गप्प राहिला तो हो म्हणाला. ज्याला नको, त्यानं बोलावं."

मिलिंदनं प्रस्ताव वाचला. सगळे गप्प. दुसऱ्यांदा वाचला. बाहेरून बस गेल्याचा आवाज आला. तिसऱ्यांदा वाचला तेव्हा आम्ही सगळे प्रवीणकडे न बघण्याचा प्रयत्न करत होतो. तो मूर्तीकडे बघत होता. त्याचा जबडा हलला, आणि मग त्यानं मान खाली घातली. काही बोलला नाही.

नवा नियम लागू झाला, आणि लगेच पहिला निर्णय आला, मूर्ती कुठे बसवायची. बेसिंगस्टोक मंडळानं मिलिंदला बेसिंगस्टोकच सांगायला बजावलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तेच होतं. मूर्ती माझी, भाऊ माझा. लीड्सनं लीड्स म्हटलं. आता प्रवीणवर. आजवरचा नकार त्याचा, तेव्हा नव्या नियमानं आधी त्याचं सगळं ऐकायचं होतं, म्हणून त्यानं वडिलांची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली, आणि हॉलमधल्या प्रत्येकानं ती ऐकली. मग तो म्हणाला, "मेडनहेडचं मत लीड्सला. मावशींच्या हाताजवळ राहू दे."

आम्ही हरलो. दोन विरुद्ध एक.

संध्याकाळी परत निघालो. मागच्या सीटवर मूर्तीची जागा रिकामी होती, शेजारी यशू झोपली होती. मग मिलिंद म्हणाला, "ताई, दोन वर्षांत पहिल्यांदा हरलो गं."

"वाईट वाटलं?"

"वाटलं. पण बरंही वाटलं. आजवर कुणी हरतच नव्हतं ना, म्हणून कुणाला काही मिळत नव्हतं."

पंधरा दिवसांनी निघताना मी गॅरेजात गेले. मशिनशेजारी मूर्तीच्या बैठकीएवढी स्वच्छ जागा राहिली होती, बाकी फरशीवर धूळ. यशूनं सायकल लांबच्या भिंतीला टेकवली होती, त्या जागेपासून होईल तितकी दूर. लीड्सहून परत आणलेली सोलापुरी चादर मी झटकली, घडी घातली आणि माझ्या बॅगेत ठेवली. तिची इथे आता गरज नव्हती.